हूं की चूं

मशीनचा दोरा तुटला नसता तर वर्षाराणीला ते ऐकूच आलं नसतं. मंगळवार पेठेतलं ते घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढं तिचं शिलाईचं मशीन, मधे सासूची कॉट, मागं स्वयंपाकघर. मशीन चालू असलं की मागचं बोलणं पुढं पोचत नाही, आणि एका परीनं ते बरंच असतं. त्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाऊजला अस्तर लावता लावता दोरा तुटला, मशीन थांबलं आणि मागून धाकट्या जावेचा, राजनंदिनीचा, आवाज आला. ती फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती, "अगं जा की बिनघोर! माझं झालं तवा मला कायसुदिक कळ्ळं न्हाई. आधी सुई देत्यात, मग सगळं बधिर हुतंय. मी आपला वाट बघतोय कधी चालू करत्यात, तर मॅडम म्हणत्यात उठा, झालं!" आणि ती हसली. साधंच हसली, त्यात कुणाला डिवचणं नव्हतं. वर्षाराणीनं दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि सुईच्या नेढ्यात घालायला गेली, ते बाहेरूनच गेलं. परत घातलं, परत बाहेरून. कायसुदिक कळ्ळं न्हाई. तीच डॉक्टर, तीच खुर्ची, तेच दुखणं, आणि हिला कळलं नाही! तिनं दोरा तसाच सोडला आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून ती बसून राहिली.

दुखणं म्हणजे तसं दुखणंही नव्हतं, डॉक्टर मॅडम तेच तर समजावून सांगत होत्या. गेल्या साली पेठेतल्या तालमीच्या पोरांनी बायकांसाठी तपासणीचं शिबिर ठेवलं. ज्या हॉलमध्ये एरवी ढोल बडवायचा सराव चालतो तिथं पडदे लावून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी! नुसत्या कल्पनेनंच अर्धी पेठ लाजून घरात बसली. पण शालूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन्ही सुनांना दंडाला धरून नेलं. त्यांची सख्खी बहीण याच जागेच्या कॅन्सरनं गेली होती आणि शालूबाईंनी तिचं शेवटचं सगळं हातानं केलं होतं. व्हिनेगरसारखं काहीतरी औषध लावलं की खराब भाग पांढरा दिसतो म्हणे. दोघी जावांचा दिसला. "आत्ता काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तसंच ठेवलं तर पुढं होऊ शकतं. तेवढा भाग शेकून टाकायचा. ॲडमिट व्हायचं नाही काही नाही, सकाळी यायचं, दुपारी घरी." मग आधी कोण जाणार हा प्रश्नच नव्हता. हळदीकुंकवाला आधी थोरली, ओटी आधी थोरलीची, गौरीचा पहिला नैवेद्य थोरलीच्या हातचा, तर मग त्या खुर्चीवरही आधी थोरलीच. वर्षाराणीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट मानच वाटला होता. धाकटीचं काय, तिच्या पोराला ताप आला, मग तिची पाळी आली, असं होत होत तिची तारीख महिनाभर पुढं गेली.

दवाखान्यातली ती खोली एवढीशी होती. खुर्चीला पाय अडकवायला दोन कड्या, वर पंखा, पंख्याच्या एका पात्याला काळं जाळं लागलेलं. शालूबाई सोबतीला म्हणून आत आल्या होत्या आणि सुनेची पर्स पोटाशी धरून पडद्याजवळ उभ्या होत्या. मॅडमनी विचारलं, "बधिर करायची सुई देऊ का वर्षाताई? तशी या जागेला फारशी जाणीव नसते, बऱ्याच जणींना तसंच चालतं. आणि सुई म्हटली की तीही टोचणारच." वर्षाराणी तोंड उघडणार तोवर पडद्याजवळून उत्तर गेलं, "आमच्या थोरलीला काय लागत न्हाई ओ. बाळंतपणात हूं की चूं केलं न्हाई तिनं. करा तुमी." आणि खरं सांगायचं तर वर्षाराणीला तेव्हा बरं वाटलं. पाय वर टांगलेले, साडी कमरेवर गोळा झालेली, अशा अवस्थेत बाईची मान ताठ व्हावी काय? तिची झाली. मग मॅडमनी तपासायला म्हणून चिमट्यानं एक तुकडा घेतला, आणि मग शेकायचा तो तापलेला दांडा आत गेला. पिशवी कुणीतरी आतून मुठीत धरून पिळली. कळ कमरेत गेली, कमरेतून मांड्यांत, मांड्यांतून टाचांपर्यंत उतरली, आणि परत वर चढून पोटात ढवळायला लागली. घशाशी आंबट पाणी आलं, ते तिनं गिळलं. "दुखतंय?" मॅडमनी विचारलं. "न्हाई." "थोडं दुखेल हं, पाळीत दुखतं तसं." पाळीत म्हणे! वर्षाराणी पंख्याच्या जाळ्याकडं बघत राहिली, दात आवळले, मुठी वळल्या, आणि पायाची बोटं अशी आवळली की एका बोटातलं जोडवं शेजारच्या बोटात रुतलं. हूं नाही की चूं नाही. सगळं आटोपल्यावर सिस्टर म्हणाली, "किती शहाण्या आहेत हो तुमच्या सूनबाई, सगळ्या अशा असत्या तर आमचं काम सोपं झालं असतं." त्यावर शालूबाई म्हणाल्या, "मग!" नुसतं एवढंच, मग.

रिक्षातनं घरी आल्यावर शालूबाई एकदा म्हणाल्या, "पड जरा." ती म्हणाली, "पडून काय करू." कुणीतरी दुसऱ्यांदा म्हणेल अशी तिची अपेक्षा होती. दुसऱ्यांदा म्हणायची या घरात रीत नाही, निदान तिच्या बाबतीत नाही. बुधवार होता, मटण आणलेलं होतं. तिनं वाटण वाटलं, तांबडा रस्सा केला, पांढरा केला, भाकऱ्या थापल्या, आणि दर भाकरीगणिक ओटीपोटात एक चमक यायची तेवढ्यापुरती परातीवर वाकून राहिली. नवऱ्यानं, विजयसिंहानं, जेवता जेवता विचारलं, "झालं न्हवं नीट? दुखलं बिखलं न्हाई न्हवं?" "छे," ती म्हणाली, आणि त्यानं पांढरा रस्सा ओरपला. माणूस वाईट नाही. छे म्हटलं की त्याला छेच ऐकू येतं, एवढंच. आणि नंदिनीचं झालं तेव्हा? नंदिनी रिक्षातून उतरली तीच विश्वजितच्या, आपल्या नवऱ्याच्या, खांद्यावर मान टाकून. सासूनं स्वतःची कॉट दिली. अळणी, म्हणजे आजारी माणसाला देतात ते तिखट न घातलेलं मटणाचं पाणी, आधीच उकळून ठेवलेलं होतं, आणि त्याची वाटी सासूनं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडाला लावली. "उठायचं न्हाई," शालूबाई म्हणाल्या, आणि बया उठली नाही! दोन दिवस उठली नाही, आणि तिची धुणी वर्षाराणीनं धुतली. तेव्हाही जळली होती ती, कोण नाही म्हणतंय? पण त्या जळण्याला एक टेकू होता. दुखलं असेल बिचारीला, माझ्याइतकंच दुखलं असेल, तिला सोसत नाही एवढंच, असं म्हणून तिनं ते गिळलं होतं. आता फोनवरच्या त्या एका वाक्यानं टेकूच काढून घेतला. न दुखता कॉट, न दुखता अळणी, न दुखता नवऱ्याचा खांदा. वर्षाराणीच्या छातीत असं काही भडकलं की तिनं समोरचं अस्तर नुसतंच चुरगाळून बाजूला टाकलं.

आणि हे काही आजचं नव्हतं. गारगोटीला माहेरी ती लहान असताना तिला विंचू चावला, पाय मांडीपर्यंत सुजला, आणि ती रडली नाही. गल्ली बघायला आली, न रडणारी पोर म्हणून. आई सगळ्यांना सांगत होती, आमची वर्षा म्हंजे दगुड हाय दगुड, आणि सांगताना आईचं तोंड कसं फुललं होतं! पोरीनं ते तोंड बघितलं आणि तिथंच काहीतरी तिच्या हाडीमाशी बसलं. पुढं पहिलं बाळंतपण गारगोटीतच, सरकारी दवाखान्यात झालं. शेजारच्या खाटेवरची बाई ओरडत होती, शिव्या देत होती, नवऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत होती. वर्षाराणी लुगड्याचा बोळा तोंडात धरून पडली होती. सुईणबाई आली, तिच्याकडं बघून "शाबास" म्हणाली आणि त्या ओरडणारीची पाठ चोळायला गेली. रात्रभर तिचीच चोळत होती. ही शाबासकी लग्नाच्या रुखवतासारखी तिच्याबरोबर सासरी आली. शालूबाईंनी ती पेठेत मिरवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाच्याही दुखण्याखुपण्याचा विषय निघाला की शालूबाई वाणाची वाटी हातात घेऊन म्हणायच्या, आमच्या थोरलीचं बघा, आणि सगळ्या बायका तिच्याकडं बघायच्या. नंदिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा तर दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्यानं वर येऊन विचारलं होतं काय झालं म्हणून. शेवटी पोट फाडून पोर काढलं. घरच्या सगळ्यांनी तिची टर उडवली, पण टर उडवता उडवता सगळे तिच्याच खाटेभोवती बसले होते. वर्षाराणीच्या खाटेभोवती कधी कुणी बसल्याचं तिला आठवेना. बसायची गरजच काय, ती दगड!

आता यातली खरी अडचण अशी की वर्षाराणीला परत जायचं होतं, आणि हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं तेव्हा ती स्कूटीवरून एकटीच गेली. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, थोडं राहिलंय, आणि जरा आतल्या बाजूला आहे, या खेपेला तारेच्या कडीनं तेवढा भाग काढायला लागेल, घरी बोलून लवकर या, टाळू नका, यातनंच पुढं वाढतं. वर्षाराणी बरं म्हणाली. घरी येऊन सासूला म्हणाली, "सगळं चांगलं हाय." तेव्हापासून गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी होऊन गेली. दवाखान्यातून फोन आला तर ती म्हणायची, गावाला आलोय, आणि मशीनवरच बसलेली असायची. ती कॅन्सरला भीत होती असं म्हणावं तर तसं नव्हतं, कॅन्सर लांब होता, कुणाच्या तरी बहिणीला झालेला. ती त्या खुर्चीला भीत होती. शेकलं तर एवढं, मग तारेनं कापल्यावर केवढं! दुपारी डुलकी लागली तरी पोटात ती मूठ आवळल्यासारखी व्हायची आणि ती दचकून उठायची. आणि हे सांगायचं कुणाला? सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग जाईनास का? त्याचं उत्तर, भ्या वाटतंय. थोरलीला भ्या! एकदा रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर तिनं विजयसिंहाला सांगायला तोंड उघडलं होतं, तर तो म्हणाला थांब, भेळ घेऊन येतो, आणि भेळ घेऊन येईपर्यंत तिचं तोंड परत मिटलं होतं. म्हणजे ती जिवावरचं टाळत होती, तेही नाव राखायला. आणि आज कळत होतं की एक सुई असते, ती दिली की काही कळत नाही. हा विचार खरं तर सुटकेचा होता. पण तो पहिला आलाच नाही. पहिला आला तो हा, की तिलाच का?

ती उठली. मधल्या खोलीत शालूबाई तोंडावर पदर घेऊन पडल्या होत्या, त्यांच्या कॉटशेजारून ती मागं गेली. नंदिनी खाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"डॉक्टरकडं सुई तू मागितलीस?"

"कसली सुई वो?"

"बधिर करायची. तुझ्या टायमाला."

"मी कशाला मागतोय? मला कुठं म्हाईत असली सुई असती म्हणून." नंदिनीनं वर बघितलं. "काय झालं आक्का?"

"मग कुणी मागितली?"

"आत्तींनी की! मी खुर्चीवर चढायच्या आधीच मॅडमना म्हणल्या, हिला सुई द्या. मॅडम म्हणल्या, न्हाई लागत हो, तुमच्या थोरल्या सूनबाईनी किती शांत करून घेतलं. तर आत्ती म्हणल्या, थोरलीचं बघितलंय मी, हिला तसं नको." थोरल्या जावेचं तोंड बघून नंदिनीचा आवाज बारीक झाला. "तुमाला म्हाईत न्हवतं? मला वाटलं तुमीच आत्तींना सांगितलासा. मी मनातनं तुमचं लई उपकार मानतोय तवापास्नं."

उपकार! म्हणजे सासूनं बघितलं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की कुणाला दिसलं नाही, आपण असं काही लपवलं की डॉक्टरलाही पत्ता लागला नाही, आणि त्या लपवण्यातच तिचा सगळा रुबाब होता. तर ते दिसलं होतं. दिसूनही पडद्याजवळून "मग!" असं म्हटलं गेलं होतं. आणि मग ते दुखणं नीट जपून ठेवून, महिन्याभरानं, दुसरीच्या कामाला वापरलं गेलं. आपण भाजलो ते हिला चटका बसू नये म्हणून? आधी थोरली, ते याच्यासाठी? नंदिनीवर जळावं तर ती खाली बसून शेंगा हातात घेऊन लहान पोरीसारखी बघत होती, आणि तिनं तसं बघितलेलंही वर्षाराणीला सोसेना. त्या घटकेला तिला नंदिनीचं सगळं हवं होतं. तिचं ते ओरडणं, ते खांद्यावर मान टाकणं, त्या अळणीची वाटी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कुणीतरी आपल्याआधी जाऊन आपल्यासाठी बोललेलं ते एक वाक्य, हिला सुई द्या. ते वाक्य आपल्या नावानं कुणी म्हटलं असतं तर ती सुई घेतलीही नसती कदाचित. पण म्हटलं असतं तरी!

ती मधल्या खोलीत आली तर शालूबाई कॉटवर उठून बसल्या होत्या. ऐकलं होतं सगळं.

"काय बघितलासा तुमी?" वर्षाराणीनं विचारलं.

शालूबाईंनी पदर सारखा केला. उगाच गुडघ्यावर हात फिरवला. "पाय," त्या म्हणाल्या. "जोडवं रुतलं हुतं बोटात. रगात आलतं. आन् मांडी नुसती थडथडत हुती तुझी."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"मॅडमनी इचारलं की तुला. तूच न्हाई म्हणालीस."

"आन् त्याच्या आधी कोण म्हणालं, थोरलीला काय लागत न्हाई?"

"म्या." शालूबाईंचा नेहमीचा चढा आवाज कुठंतरी खालीच राहिला. "म्हणलं खरं. एकदा म्हणल्यावर माघारी कसं घ्यायचं, डॉक्टरम्होरं? आन् तू बी तसलीच, तोंड मिटून पडलीस. मला वाटलं, बघा म्हणावं, माझी सून हाय. मला एवढी पोरं झाली, त्यातली दोन गेली, एकदा बी कुणी इचारलं न्हाई गं लागतंय का म्हणून. तुझ्याकडं बघितलं की वाटायचं, आपुन एकटीच तसली न्हाई. बरं वाटायचं."

"आन् नंदिनी?"

"ती मेली असती की तिथं भ्यानं."

"आन् मी?"

"तू कशाला मरतीस?"

हे शालूबाई प्रेमानंच म्हणाल्या असतील. पण त्या शब्दासरशी वर्षाराणीचा बांध फुटला. "मरंन की!" ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. "मी बी मरंन! राहिलंय माझं. परत या म्हणलंय मॅडमनी, तारेनं काढायचं हाय, गणपतीच्या आधीपास्नं जायचं हाय आन् मी जात न्हाई. भ्या वाटतंय मला, कळ्ळं? त्या खुर्चीचं भ्या वाटतंय. तुमी आपलं सांगत बसा पेठेत, थोरलीला काय लागत न्हाई, थोरली दगुड!" स्वयंपाकघराच्या दारात नंदिनी येऊन उभी राहिली, तिच्या मुठीतून शेंगा खाली सांडल्या. शालूबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांना आता बहीण दिसत असणार, शेवटच्या दिवसांतली, आणि वर्षाराणीला ते कळत होतं, आणि कळूनही तिला वाईट वाटलं नाही. दिसू दे, तिला वाटलं, जरा माझ्या नावानं बी दिसू दे.

"एवढं दिस?" शालूबाई म्हणाल्या. "एवढं दिस गप बसलीस? उठ. आत्ता फोन लाव. म्या येणार हाय संगं."

"या. पण आत यायचं न्हाई," वर्षाराणी म्हणाली. "भाईर बसायचं."

मॅडमनी पाळी संपल्यावरची तारीख दिली. विजयसिंहाला सांगितलं तर तो चिडला, मला का न्हाई सांगितलंस म्हणून. ती रंकाळ्यावरच्या भेळेचं काही बोलली नाही. दवाखान्यात शालूबाई बाकड्यावर बसल्या, पर्स पोटाशी धरून. नंदिनीही आली होती. "मी आत येऊ का आक्का, हात धरायला?" तिनं विचारलं, तर वर्षाराणीनं नको म्हणून मान हलवली. चांगल्या मनाची पोर आहे, तिला वाटलं, आणि तिनं हात पुढं केला असता तर मी तिची बोटं मोडली असती, हेही वाटलं. दोन्ही खरंच होतं.

"सुई पाहिजे मला," खुर्चीवर चढायच्या आधीच ती म्हणाली, जरा मोठ्यानंच.

"देणारच आहे," मॅडम म्हणाल्या. "या वेळी सुईशिवाय चालायचंच नाही."

"मागल्या खेपेला चाललं."

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"मी न्हवतो म्हणालो."

मॅडमचे हात हातमोज्यात अर्धे जाऊन थांबले. त्यांनी आठवून बघितलं असावं. "खरंय," त्या म्हणाल्या, "तुम्ही नव्हता म्हणालात. तुमचं उत्तर मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं." वर्षाराणीनं पाय कड्यांत अडकवले. पंख्याचं पातं कुणीतरी पुसलं होतं. "मोठ्यानं खोका बघू," सुई हातात घेऊन मॅडम म्हणाल्या, आणि खोकल्याच्या ठसक्यात कुठंतरी आत चिमटा बसल्यासारखं झालं. परत खोकली, परत एक. मग छाती धडधडायला लागली, पाय लटलट कापायला लागले. तिला वाटलं आलं, हेच ते. "औषधानं होतं तसं," मॅडम म्हणाल्या, "थांबेल आता." ते थांबलं. मग काहीच आलं नाही. शेजारचं मशीन घुर्र करत चालू झालं, जळकट वास आला, सिस्टर इकडची वस्तू तिकडं देत होती, आणि वर्षाराणी वाट बघत होती. दात आवळलेले होते, मुठी वळलेल्या होत्या, कळ कुठल्या बाजूनं येणार तिकडं सगळं अंग लक्ष लावून बसलं होतं. कळ आली नाही. कुणीतरी आत काही करतंय एवढं समजत होतं, पण ते शेजारच्या घरात भांडी हलवल्यागत, आपल्याशी संबंध नसल्यागत.

असं असतंय व्हय हे, तिला वाटलं. एवढंच! दोनदा खोकायचं, आणि झालं! नंदिनी इथं अशी पडली होती, अशी मोकळी, पंख्याकडं बघत, आता कधी चालू करतात म्हणत. या घटकेला वर्षाराणीला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा कॉटवर अळणी पिताना बघूनही वाटला नव्हता, आणि गंमत म्हणजे आता तिला तेच मिळालेलं होतं, तरी वाटला. मिळाल्यावर तर जास्तच कळलं काय मिळालं नव्हतं ते. हे तेव्हाही इथंच होतं, याच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि ती जोडवं रुतवून घेत शहाणी ठरत होती. तिच्या पोटात, जिथं आता काहीच लागत नव्हतं त्याच्या वर कुठंतरी, काहीतरी उसळलं, छातीत आलं, गळ्यात आलं. तिनं सवयीनं ते गिळायला तोंड मिटलं. आणि मग उघडलं.

"आई गंऽऽ!"

सिस्टरच्या हातातलं काहीतरी ट्रेमध्ये पडलं. मॅडमनी झटकन हात मागं घेतला. "दुखतंय? वर्षाताई, दुखतंय का? थांबू? अजून औषध देते."

"न्हाई," वर्षाराणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. "आता कायसुदिक दुखत न्हाई. हे मागल्या खेपंचं हाय, मॅडम. तुमी चालू द्या तुमचं."

दार दणदण वाजायला लागलं. बाहेर नंदिनी कुणाला तरी "आत्ती, आत्ती, थांबा की" म्हणत आवरत होती, आणि तिच्यावरून शालूबाईंचा आवाज येत होता, पेठेत या टोकाला मारलेली हाक त्या टोकाला जाईल असा, "ओ मॅडम! सुई द्या की तिला! लागतंय तिला! माझ्या थोरलीला सुई द्या म्हणतो न्हवं!"

वर्षाराणीनं ते ऐकलं. नीट, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं दम घेतला आणि परत एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं, ओरडली.